चौथ्या खाचेतले पदक

तीन पदके आपापल्या खाचेत अशी बसली, की बोटाने दाबल्यावर अडकलेली हवा सुटल्याचा बारीक आवाज झाला. चौथे मात्र वाजले. फार नाही, एखादा सैल दात जिभेने हलवावा तितकेच. पण ती ज्या कामात सव्वीस वर्षे होती त्या कामात एवढे वाजणे म्हणजे पुष्कळ झाले. तिने पदक बाहेर काढले, खाचेच्या कडेवर बोट फिरवले, कुठे भुगा राहिला आहे का पाहिले. नव्हता. चारही खाचा तिने एकाच पात्याने, एकाच मापावर, सकाळच्या एकाच बैठकीत अ‍ॅक्रिलिकच्या त्या जाड तुकड्यात कोरल्या होत्या, आणि पदके तर सरकारी टाकसाळीतली, एका व्यासाची. तिने कॅलिपर उचलले. पहिले छत्तीस मिलिमीटर, दुसरे छत्तीस, तिसरे छत्तीस. चौथे पस्तीस आणि वर जेमतेम चार दशांश. पहिल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला शिकाऊ असताना सांगितले होते; माणसाचा जबडा खोटे बोलत नसला तरी आपला हात बोलतो. तिने पदक फिरवून पुन्हा मोजले, आणखी फिरवून पुन्हा. मग कॅलिपर मिटून टेबलावर ठेवले आणि तिच्या लक्षात आले, की आपण इकडेतिकडे पाहत आहोत, जणू कुणी आपल्याला मोजताना बघितले तर नाही ना.

कुणी बघितले नव्हते. डेंटल लॅबमध्ये त्या वेळी ती आणि मालक असे दोघेच होते, आणि मालक आतल्या खोलीत भट्टीपाशी. तिच्या डाव्या हाताला सहा कवळ्या ओळीने वाट पाहत होत्या, प्रत्येकीखाली दवाखान्याची चिठ्ठी. उजव्या हाताला आजोबांची चार पदके आणि त्यांच्या सेवानोंदीची छापील नक्कल. हे काम तिने मागितलेले नव्हते. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, फोनवर हुकूम सोडला होता. कर्नल म्हणून निवृत्त होऊन त्याला चार वर्षे झाली तरी तो बहिणीशीही तुकडीशी बोलावे तसाच बोलत असे. "दातवाली, ऐक. आजोबांची पदकं पलटणीच्या संग्रहालयाला देतोय. त्यांची लाकडी पेटी भंगार आहे. तुझ्याकडे ती बारीक हत्यारं आहेत ना, चांगली पारदर्शक बैठक बनव. आणि सोबत माहितीचा कागद पाठवतोय, शुद्धलेखन बघ. रेकॉर्ड ऑफिसातून मूळ नोंदीची नक्कल काढलीय, त्यावरून ताडून घे." घराण्यातल्या चार पिढ्यांच्या गौरवात तिच्या वाट्याला आलेला हा पहिलाच हिस्सा, आणि तोही शुद्धलेखनाचा, असे तेव्हा तिला वाटून गेले होते. ती हसली होती. दादाही हसला होता. उद्या सकाळी अकरा वाजता पदके सुपूर्द करायची होती.

तिने डोळ्याला भिंग लावले. पदकाच्या कडेवर, जिथे नाण्याला दाते असतात तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते, हे तिला ऐकून माहीत होते. वाचण्याची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या तीन पदकांवर अक्षरे ठशाने उमटवलेली होती, प्रत्येक अक्षर एका घावात बसलेले, कडा किंचित उचललेल्या. चौथ्यावरची अक्षरे कोरलेली होती. कोरणी जिथून आत शिरली आणि जिथून बाहेर पडली, ते दोन्ही तिला दिसत होते. हात बरा होता, पण घाईचा होता. नंबर मात्र चारही पदकांवर एकच, सहा आकडी, आणि तो ओळखायला तिला भिंगाची गरज नव्हती. त्यांच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी नंबर पाठ होत. दिलासा वाटून तिने सेवानोंदीचा कागद ओढला, ती बोट ठेवत तारखा ताडू लागली, आणि तिसऱ्या ओळीवर बोट थांबले. सर्व पलटणींतल्या शिपायांचे नंबर बदलण्यात आले, त्या वर्षी आजोबांना हा सहा आकडी नंबर मिळाला. त्याआधी त्यांचा नंबर निराळा होता, चार आकडी, तिने आयुष्यात कधी न ऐकलेला. आणि चौथे पदक, ज्या डोंगरातल्या मोहिमेत आजोबांच्या पायाची दोन बोटे थंडीने गेली तिचे पदक, नंबर बदलण्याच्या सात वर्षे आधी दिलेले होते. म्हणजे पदक ज्या दिवशी छातीवर लागले त्या दिवशी त्याच्या कडेवरचा नंबर जगात नव्हताच.

"काय, आजोबांचे दात पडले वाटतं?" मालक दारात उभे होते. ती दचकून उभीच राहिली.

"नाही. जरा सैल बसतंय एक."

"मग पेशंटला सांग, सवय होईल." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसण्याची मालकांची जुनी खोड होती. "चारपर्यंत त्या दोन कवळ्या गेल्या पाहिजेत हं. नाहीतर तो डॉक्टर माझेच दात घशात घालेल."

ती हो म्हणाली. मालक आत गेले. तिने पदक मुठीत धरले होते आणि ते तिच्या तळव्याच्या उबेने कोमट झाले होते. हा कोमटपणा तिला ओळखीचा वाटला. चांदी छातीशी धरली की आधी गार लागते, मग कपड्यातून हळूहळू अंगाची होते. हे तिला कुठून माहीत होते? घरातल्या मुलींनी पदकांना हात लावायचा नाही, असा नियम होता. खरे तर नियम त्याहून कडक होता: वडील जिवंत असेपर्यंत मुलानेही त्यांची पदके हाती घ्यायची नाहीत. आजोबा आपली पदके स्वतः पुसत, स्वतः फडक्यात गुंडाळत. वर्षातून एकदा, आजोबा भरती झाले त्या तारखेला, संध्याकाळी बैठकीच्या खोलीत सगळे घर जमे. त्याला घरात 'हजेरी' म्हणत. आजोबा एकेकाचा नंबर पुकारत, आधी मेलेल्यांचा आणि मग जिवंतांचा, कुठल्या साली भरती, कुठली पलटण, कुठल्या मोहिमा. आणि घरातला कुणी पुरुष त्या नंबराला ओ देई. बायका भिंतीशी बसत. ती आईच्या मांडीला टेकून बसे, आणि ज्याला ओ द्यायची आहे असा आपला एकही नंबर नाही याची तिला लाज वाटे, आपण काहीतरी हरवून आलो आहोत अशी.

आणि हरवलेच होते. एवढी वर्षे ती ज्याला तापातले स्वप्न समजत आली ते आता भिंगाखाली, पस्तीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटरचे होऊन पडले होते. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. छावणीतल्या घरांमागे पाण्याची उंच टाकी होती आणि तिच्या जिन्यावरून कवायतीचे मैदान दिसे. स्वप्नात, म्हणजे ज्याला ती स्वप्न म्हणत आली त्यात, तिने दुपारच्या सामसुमीत पेटी उघडली होती आणि डोंगरातल्या मोहिमेचे पदक फ्रॉकच्या आतून, कुणाला दिसू नये असे, टाचले होते. टाकीच्या जिन्यावर ती सावधान उभी राहिली होती. पदक आधी गार होते, मग तिचे झाले. उतरताना पावले मोजत, छाती पुढे काढून ती फाटकापर्यंत आली, पावसाळी गटारावरची लोखंडी जाळी ओलांडली, आणि काहीतरी टणत्कारले. तेवढेच. मग जाळीवर पोटावर झोपून पाहिलेला काळोख. मग घर, मग खरोखरचा ताप, सहा दिवस. सातव्या दिवशी हजेरी होती, आणि आजोबांनी पेटी उघडली तेव्हा चारही पदके जागेवर होती. तिने ती डोळ्यांनी पुनःपुन्हा मोजली होती. चार. म्हणजे काही झालेच नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठा पुरावा कोणता लागतो? पण आता त्या संध्याकाळचे आणखी एक चित्र, जे तिने कधी वेगळे काढून पाहिले नव्हते, वर आले: आजोबांची नजर तोवर बरीचशी गेलेली होती, ते पदके अंगठ्याने चाचपून ओळखत. चौथ्या पदकापाशी त्यांचा अंगठा कडेवरून फिरत राहिला. "पातळ झालं," ते म्हणाले. आणि बाबा, जे कधीही आजोबांचे बोलणे संपण्याआधी बोलत नसत, ताबडतोब म्हणाले, "पुसून पुसून." आजोबांनी पदक पेटीत ठेवले. पुढच्या हजेरीला ते नव्हते.

तिने पदके फडक्यात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, मालकांना तासाभरात येते म्हणून सांगितले आणि रस्त्यावर आली. दुपारचे ऊन सरळ डोक्यावर होते. बसमध्ये तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली, चोरीचा माल धरावा तशी, आणि उद्याचे दृश्य तिला आपोआप दिसू लागले. पलटणीच्या संग्रहालयाचा क्युरेटर घेतलेली प्रत्येक वस्तू देणाऱ्याच्या समोरच तपासतो, हे दादानेच रंगवून सांगितले होते. गेल्या महिन्यात एका निवृत्त ब्रिगेडियरच्या घरून आलेले पदक त्याने भिंगाखाली धरले, मान हलवली आणि शांतपणे परत केले. वर रेकॉर्ड ऑफिसला पत्रही पाठवले. "बिचाऱ्याचं तोंड बघायला हवं होतंस," दादा म्हणाला होता, "लग्नात नवरा मुलगा पळून गेल्यासारखं." उद्या त्या खुर्चीवर दादा असणार होता, गणवेशाचा कोट घालून, भाषण खिशात ठेवून. आणि कागदावर सही दादाची नव्हती. ही चारही पदके माझ्या वडिलांना प्रत्यक्ष मिळालेली अस्सल पदके आहेत, अशा प्रतिज्ञापत्रावर शहाऐंशी वर्षांच्या बाबांनी गेल्या आठवड्यात सही केली होती. सही करण्यापूर्वी ते दोन महिने नको म्हणत होते. राहू देत घरात, म्हणत होते. दादाने ते म्हातारपणाचे मन म्हणून सोडून दिले, आणि तिनेही.

दार वहिनीने उघडले. "अगं, आत्ता कशी तू? लॅबला दांडी?"

"बाबा जागे आहेत?"

"जागे कसले, सकाळपासून गस्त चाललीय. खिडकी ते दार, दार ते खिडकी. हे भाषणाची तालीम करायला सभागृहात गेलेत, नाहीतर दोघांनी मिळून फरशी झिजवली असती." वहिनीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "काय झालं गं?"

"काही नाही. मापाचं विचारायचंय."

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पाठ टेकवलेली नव्हती. तिने दार लोटून घेतले. या खोलीत ती त्यांच्यासमोर कधी बसली असेल तर फक्त तब्येतीची चौकशी करायला. लहानपणापासून बाबांचे आणि तिचे बोलणे उत्तरांचे होते, प्रश्न ते विचारत. एकोणिसाव्या वर्षी तिने लष्करी इस्पितळात जायचे म्हटले तेव्हा त्यांनी नको म्हटले होते आणि कारण दिले नव्हते. तिनेही मागितले नव्हते. तिने फडके टेबलावर उलगडले.

"बाबा, डोंगरातल्या मोहिमेचं पदक सैल बसतंय."

"मग खाली कापूस घाल."

"सहा दशांश मिलिमीटर कमी आहे."

बाबांनी पदकाकडे पाहिले नाही. "तू मोजलंस."

"माझं कामच ते आहे."

"हो," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होते. "मला वाटलं होतं, दादा दुसऱ्या कुणाकडून करून घेईल ती बैठक. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुझ्याकडे नको म्हटलं असतं, तर का, असं विचारलं असतं त्यानं."

"मी तापात बोलले होते का?"

"तू? तू तोंड मिटून पडली होतीस, कैद्यासारखी. तुझ्या आईला तुझा फ्रॉक सापडला, नीट घडी घातलेला. तुला घडी घालायला कधी सांगून जमलं होतं? म्हणून उलगडून बघितला, तर छातीशी आतून पिनेची दोन भोकं. मग पेटी बघितली." ते थांबले. "गटारात माणूस उतरवला होता मी, रात्रपाळीचं काम आहे म्हणून सांगून. तीन दिवस. पाऊस झाला होता. नाही मिळालं."

"तुम्ही रागावला का नाहीत?"

"रागावलो असतो तर आवाज झाला असता. आवाज तुझ्या आजोबांपर्यंत गेला असता. डोळे गेले होते, बोटं गेली होती, आता ते पदक पण? त्यांना सांगायचं, तुमची नात..." बाबांनी हाताने वाक्य झटकून टाकले. "जुन्या बाजारात मिळतात. कुणाकुणाची. त्याच मोहिमेचं मिळालं. गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये शिकंजात धरून कानशीनं कड घासली. ट्रॉफ्यांवर नावं घालणारा एक होता, त्याच्याकडून नाव घातलं. त्यानं नंबर विचारला. मी म्हटलं, तोंडपाठ आहे, लिही. शिवाय उरलेल्या तिन्हींवर ताडून बघितला. तिन्हींवर तोच."

"ती तिन्ही नंतरची आहेत. त्याआधी आजोबांचा नंबर निराळा होता."

त्यांनी प्रथमच तिच्याकडे वळून पाहिले. तिने सेवानोंदीचा कागद पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, ओळ वाचली, परत वाचली. त्यांच्या मानेची शीर हलताना तिला दिसत होती. आपल्या वडिलांचा पहिला नंबर त्यांना आज, शहाऐंशीव्या वर्षी, कळत होता, आणि तो ओठांनी न उच्चारता ते पाठ करत आहेत हे तिला कळले. "कधी सांगितला नाही हो त्यांनी," ते म्हणाले, जणू ती त्यांची मोठी बहीण होती. "आणि पदक हातात घ्यायची पद्धत नव्हती. हरवलेल्याची कड मी कधी पाहिलीच नव्हती."

"क्युरेटर पाहील."

"पाहील." खुर्चीच्या हातावर त्यांनी बोटे एकदा आपटली. आणि मग तो आवाज आला, ज्या आवाजात ते पूर्वी दौऱ्यावर निघताना आईला घराच्या गोष्टी समजावून देत. "तुझा हात चांगला आहे. सगळे म्हणतात. कडेवर थर चढवता येतो?"

तिने पदक उचलून कड उजेडाकडे धरली.

"चांदीचा. आणि जुना नंबर, ठशासारखा. उद्या अकराच्या आत होईल?"

"होईल," ती म्हणाली. कारण ते खरे होते. तिला तेवढ्या वेळात सगळी कृती दिसलीही: जुने कोरीव काम घासून काढायचे, पातळ पट्टी डाखाने बसवायची, माप छत्तीसवर आणायचे, मालकांच्या कपाटातले अक्षरांचे ठसे, मग किंचित काळवंडवायचे. भिंगालाच काय, भिंगाच्या बापालाही कळले नसते. "बाबा, हे कुणाचं होतं?"

"बाजारातून आणलं म्हटलं ना. नाव बघितलं नाही." त्यांनी चष्मा काढून मिटला. "जा तू. वेळ घालवू नकोस. आणि दादाला नको. त्याच्या पोटात राहायचं नाही."

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभे असताना तिच्या मनात बाबांविषयी एकदम प्रेम दाटून आले. सहा दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तेवढ्या वेळात हा माणूस, ज्याने आयुष्यात एकही खोटी रजा मागितली नाही, शेडमध्ये कानस चालवत होता. आज त्याने पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितले होते. नाही म्हणण्याचा तिला काय अधिकार? जाळीत पदक तिनेच घातले होते. आणि तरी 'नाव बघितलं नाही' हे वाक्य तिच्या दातांत अडकले होते. बघितल्याशिवाय घासायला कुठून सुरुवात करतात? कुठे संपले, हे कसे कळते?

लॅबमध्ये शिरताच तिने आधी चारच्या दोन कवळ्या संपवल्या. मालक स्वतःच त्या घेऊन दवाखान्यात गेले. मग तिने पदक शिकंजात धरले, जबड्यांवर रबराचे तुकडे लावून, कड वर. हँडपीसमध्ये दगडी चाक बसवले आणि पायाने यंत्र चालू केले. त्या शिट्टीसारख्या आवाजात सव्वीस वर्षे तिचे मन नेहमी निवत आले होते. चाक कडेपासून केसभर अंतरावर आले. दिव्याचा झोत तिरपा पडला होता, आणि त्या तिरप्या झोतात आजोबांच्या नावाच्या दोन अक्षरांमध्ये तिला एक खळगा दिसला, खळगाही नव्हे, चांदीचा वेगळा दाणा. तिने पाय उचलला. आवाज बसत बसत थांबला.

ठशाचा घाव नुसता वर राहत नाही, हे तिच्या धंद्यातले ज्ञान होते. तो धातूला आत, दिसते त्याच्या खालीही दाबून ठेवतो. वरचे कितीही घासा, दाबलेला धातू निराळा राहतो, आणि आम्ल लावले तर निराळ्या वेगाने खाल्ला जातो. कानशीने बाबांनी कड चहूबाजूंनी तीन-तीन दशांश घासली होती. आपण आणखी दोन घासले, की त्या माणसाचे या जगात उरलेले शेवटचे काहीतरी या टेबलावर भुगा होऊन पडेल आणि संध्याकाळी ब्रशने आपणच ते झाडून टाकू. कोण होता तो? त्याच्याही घरात कुणी नंबर पुकारत असेल आणि कुणी ओ देत असेल. किंवा कुणीच नसेल, म्हणून तर पदक बाजारात आले. त्याची बोटे शाबूत राहिली का? तिने घड्याळाकडे पाहिले नाही. तिने हँडपीस खाली ठेवला, हातमोजे चढवले, चांदी साफ करायचे आम्ल पाण्यात पातळ केले आणि कापसाचा बोळा चिमट्यात धरला. हे केल्यावर मागे फिरता येणार नव्हते. कड करपणार होती, उद्या ती कुणाच्याही नुसत्या डोळ्यांना दिसणार होती. बाबांची सही त्या कागदावर तशीच असणार होती. तिने बोळा कडेपाशी नेला.

बोळा फिरला. आधी काहीच नाही. मग चांदी दुधाळ झाली. मग आजोबांच्या कोरलेल्या नावाखालून, त्यांच्या अक्षरांना आडवेतिडवे छेदत, करडी अक्षरे वर येऊ लागली, जत्रेतल्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दोन खांद्यांमधून दिसावा तशी. ओल सुकली की ती पुन्हा बुडतील याची तिला कल्पना होती, म्हणून तिने मिळेल त्या चिठ्ठीवर भराभर उतरवून घेतले. चार आकड्यांपैकी तीन. हुद्द्याच्या जागी 'स्वयंपाकी'. नावाचा पूर्वार्ध. पलटण. तिसरा आकडा आजोबांच्या नंबराच्या खोल रेघेखाली कायमचा गेला होता. तिने दोनदा, तीनदा आम्ल फिरवले. नाही आला.

मग तिने घरी फोन लावला. वहिनीने बाबांना दिला.

"झालं?" बाबा म्हणाले.

"बाबा, मी नंबर वाचते." आणि तिने वाचला. "सहा. दोन. तिसरा दिसत नाही. मग पाच."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. खोलीत वहिनी काहीतरी विचारत होती, मग तिचाही आवाज थांबला. शिकंजातल्या पदकाच्या कडेवरून अक्षरे एकेक करून विझत होती.

"आठ," बाबा म्हणाले.

"बघितलं नाही म्हणालात."

"घासण्याआधी वाचलं होतं. वाचायलाच हवं ना." मग त्यांनी त्या माणसाचे पूर्ण नाव सांगितले, बापाच्या नावासकट, एकही अक्षर न अडखळता, आणि तिने ते चिठ्ठीवर लिहिले. "पलटणीचा स्वयंपाकी होता. मी नंतर शोध घेतला होता त्याचा. मोहिमेहून परत आला होता. पुढं लागला नाही पत्ता." ते थांबले. "तू थर चढवणार नाहीस तर."

"नाही, बाबा. माझ्यामुळं झालं, हे मी सांगीन तिथं. तुम्ही येऊ नका."

"सही माझी आहे." आवाज पुन्हा ताठ झाला होता, पण त्यात हुकूम नव्हता. "फोन ठेव. दादाला मी सांगतो."

तिने फोन ठेवला. पदक पाण्यातून काढून टिपले. तिच्या आत आता मोकळे वगैरे काही वाटत नव्हते. भीती होती तिथेच होती. दादाला तिने स्वतःच सांगायला हवे, असे वाटून तिने त्याचा नंबर फिरवला. लागला नाही, तो दुसऱ्या फोनवर होता. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. अजून बोलत होता. त्या घरात बापलेक एवढा वेळ एकमेकांशी कधी बोलले असतील असे तिला आठवेना. मालक परत आले, तिच्याकडे एकदा पाहून विनोद न करता आत निघून गेले. अठ्ठावीस मिनिटांनी फोन वाजला; दादा बाबांशी बोलत बोलतच सभागृहातून घरी पोचला होता.

"तू काय करून बसलीस, तुला कळतंय का?" दादा ओरडत नव्हता, तेच भयंकर होते. "उद्या पलटणीसमोर मी काय उभं करू? बाबांना? त्या वयात? एक दिवस, एक दिवस गप्प बसता आलं नाही तुला? बेचाळीस वर्षं बसलीस ना?"

"मला माहीत नव्हतं, दादा."

"आणि आता माहीत झालं म्हणून गावभर दवंडी?"

"गावभर नाही. एका कागदावर. शुद्धलेखन बघायला मला दिलंयस ना, त्या कागदावर. चौथ्या पदकाखाली आजोबांचं नाव नको. आजोबांचं हरवलं, कुणी हरवलं ते लिही. आणि हे ज्याचं आहे त्याचं नाव लिही."

"कोण तो? आपला कोण लागतो?"

"कुणी नाही."

तिने फोन कानाला इतका दाबून धरला होता की कानाची पाळी दुखत होती. तिला वाटले, तो फोन ठेवील. ठेवला तर उद्या ती एकटी जाईल, बसने, हे तिने त्या शांततेत ठरवून टाकले. मागे कुठेतरी, त्याच्या बाजूला, बाबांच्या काठीचा आवाज झाला आणि वहिनी हळूच काही म्हणाली. खुर्ची ओढली गेली. एक खण उघडला, मिटला, दुसरा उघडला; दादा नेहमीप्रमाणे पेन शोधत होता आणि नेहमीप्रमाणे ते सापडत नव्हते. मग कागद सरकल्याचा आवाज आला.

"सांग," दादा म्हणाला. "सावकाश सांग. आधी नंबर."